उष्टी पट्टी

सोमवारी सकाळी सव्वादहाला दादाचं तोंड माझ्या टेबलावर आलं. प्लास्टरचं, वरचं एक आणि खालचं एक, बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळलेलं, आणि रबर लावून वर अडकवलेली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. कवळ्या करणं हा माझा धंदा. आमच्या दारावर ‘दंत प्रयोगशाळा’ अशी पाटी आहे, आत दोन खोल्या आणि एक मोरी आहे, आणि रोज अशी सात-आठ तोंडं येतात. चिठ्ठीवरचं नाव मी वाचत नाही. नाव वाचून कवळी चांगली होत नाही. पण साचा उलटा केला, समोरच्या दोन दातांमधली फट दिसली आणि हात थांबला. अडीच मिलिमीटरची, जराशी डावीकडे कललेली. चेहरा एक वेळ विसरेन, ती फट विसरणार नाही. लहानपणी नळाला तोंड लावून दादा त्या फटीतून समोरच्या भिंतीपर्यंत पाण्याची धार मारायचा आणि मला ते कधी जमलं नाही. मग चिठ्ठी वाचली. आडनाव माझंच. वय अठ्ठेचाळीस. हिरड्यांचा आजार, वरचे सगळे दात काढायचे, त्याच दिवशी कवळी बसवायची. आणि खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं: ‘रुग्णाची सूचना, समोरची फट होती तशीच ठेवावी.’ सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माझा त्याच्यावर दात होता, आणि आता त्याचे सगळेच दात माझ्याकडे आले होते. अशा कवळीचं काम उलट असतं. दात अजून माणसाच्या तोंडात असतात आणि आम्ही साच्यावरचे उडवायला लागतो: बारीक करवतीनं एक दात कापायचा, त्या जागी तसाच खोटा दात मेणात बसवायचा, मग पुढचा. म्हणजे दादाचे दात मला एकेक करून पाडायचे होते. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला गंमत वाटली. साचा मी फळीवर सगळ्यात मागे ठेवला आणि दिवसभर दुसऱ्यांची तोंडं घासत बसलो.

जहाजांचं आधी सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. माझ्याकडे चाच्यांची अकरा जहाजं आहेत, एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची. समुद्र मला आवडत नाही, होडीत बसलो तर ओकतो. पण घरी आलो की हात धुऊन मी ट्रे पुढे ओढतो. खोट्या दातांच्या रिकाम्या झालेल्या ट्रेमध्ये मी ठोकळे निवडून ठेवतो: काळे, तपकिरी, मग तोफा, शिडांच्या दोऱ्या, आकड्यांचे हात, लाकडी पाय, पोपट. एका कप्प्यात नुसत्या डोक्यावरच्या टोप्या. बायको म्हणते, जागा नाही म्हणून आपण माणसं मुक्कामाला बोलवत नाही आणि दोनशे चाचे मात्र वर्षानुवर्षं फुकट राहतात. काचेच्या कपाटाला ती बंदर म्हणते. ‘बंदरातली धूळ आज मी पुसणार नाही,’ असं रविवारी जाहीर करते आणि पुसते. मधल्या खणात जे जहाज आहे ते सगळ्यात जुनं, काळ्या बुडाचं, कवटीच्या शिडाचं. तसं एक आमच्या घरी मी सहा वर्षांचा असताना होतं. हे दुसरं. सुट्या तुकड्यांतून, ओळखीच्या जमवणाऱ्यांकडून एकेक मागून मी ते चार वर्षांत उभं केलं. त्याच्या डेकवर मधोमध एक पट्टी मुद्दाम बसवलेली नाही. दोन बाय सहा बटणांची काळी पट्टी. ती जहाजासमोर एका लहान कवळीच्या डबीत ठेवलेली असते, कारण तिच्या कडेवर दातांचे दोन व्रण आहेत. आम्हा जमवणाऱ्यांत अशा तुकड्याला ‘उष्टा’ म्हणतात. दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसल्या की नखानं सुटत नाहीत, मग पोरं दात लावतात. जगातल्या प्रत्येक जुन्या पेटीत दोन-चार उष्टे निघतात आणि कुणी ते घेत नाही. मी मात्र ती पट्टी पुरावा म्हणून जपली होती. पुरावा कुणी जहाजात बसवत नाही.

घरी कुणी आलं की मी त्या पट्टीची गोष्ट सांगायचो. इतकी वर्षं सांगून ती घोटीव झाली होती. बाबा कामासाठी लांबच्या गावी गेले होते, तिथून त्यांनी जहाज आणलं, ते मी जिवापाड जपत होतो, आणि एके दिवशी दादानं ते खाल्लं. खाल्लं म्हणजे चावलं, डेकच्या पट्ट्या दातांनी उचकटल्या. बाबांनी बघितलं, विचारलं, ‘कुणी केलं?’ मी रडत होतो. दादा हसला. हसल्याबद्दल थोबाडीत बसली, आणि बाबा म्हणाले, ‘उंदीर आहेस का रे तू? ज्या घरात उंदीर, त्या घरात असल्या वस्तू टिकत नाहीत.’ जहाज त्याच पेटीत भरून त्यांनी कचेरीतल्या कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकलं. दादाचं मात्र नाव पडलं. उंदीर. आधी बाबांनी, मग काकांनी, मग सगळ्यांनी. पुढे तो मोठमोठे पूल बांधणारा इंजिनीअर झाला तरी लग्नात मामा माइकवरून म्हणाले की उंदराला वाघीण मिळाली. वहिनी तेव्हा हसली नाही, आणि दादा तोंडावर हात धरून हसला. तो नेहमीच हात धरून हसायचा. ‘फटीमुळं,’ मी पाहुण्यांना सांगायचो, ‘आणि पापामुळं.’ मग मी पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवायचो आणि म्हणायचो, ‘त्या प्लास्टिकला खारट चव असते, जरा रॉकेलसारखी, आणि कड हिरडीत घुसली की डोळ्यांतून पाणी येतं.’ पाहुणे अंग शहारल्यासारखं करायचे. असंच एकदा सगळे गेल्यावर बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, ‘तुला त्याची चव कशी माहीत?’ मी म्हटलं, ‘लहानपणी कोण काय तोंडात घालत नाही!’ ती ‘हं’ म्हणाली आणि आत गेली.

पट्टी सापडली ती सात वर्षांपूर्वी, आई गेल्यावर घर रिकामं करताना. घरात काका, मामा, वहिनी, आम्ही सगळेच होतो, आणि चार माणसं लागतील असं लोखंडी कपाट आम्ही भिंतीपासून ओढलं. मागे तीस वर्षांची धूळ, एक चमचा, आईची हरवलेली म्हणून रडून झालेली कानातली कुडी, आणि ही पट्टी. मी ती शर्टाला पुसली. व्रण बघितल्याबरोबर ओरडलो, ‘बघा! उंदराचे दात!’ सगळे हसले. घर रिकामं करताना माणसं कशालाही हसतात. दादानं माझ्या हातातून ती घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघितली, आणि परत देत म्हणाला, ‘नीट बघ. तुझंच काम आहे ते.’ एवढंच. शांतपणे. मामांना ते फार आवडलं. ‘वा, दातवाल्याला दात दाखवले!’ असं काहीतरी ते म्हणाले. मला कानशिलापासून खाली आग लागली. तो पूल बांधतो आणि मी म्हाताऱ्यांचे जबडे घासतो, हे त्याला चारचौघांत म्हणायचं होतं, असंच मी ऐकलं. मी म्हटलं, ‘हो, माझंच काम आहे. मी खोटे दात करतो, पण खोटं बोलत नाही.’ मग दादानं हात धुतले, वहिनीला ‘चल’ म्हणाला, आणि आपल्या वाट्याचं काहीही न घेता निघून गेला. आई असती तर म्हणाली असती, आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलायचं. ती आमच्या प्रत्येक भांडणात हेच म्हणायची आणि त्यामुळे कुणाचंच भांडण कधी संपलं नाही.

आठवडाभर दादाचा साचा फळीवरून माझ्याकडे बघत होता. बसवण्याची तारीख पुढच्या बुधवारची होती. येता-जाता मी तो उचलायचो, ठेवून द्यायचो. माणूस सात वर्षांत किती झिजतो ते साच्यात दिसतं: हिरड्या वर सरकलेल्या, दातांची मुळं उघडी, एका दाढेला कुठल्याशा डॉक्टरनं घाईत केलेलं भरण. त्याच्या तोंडात इतकं आत मी कधीच डोकावलो नव्हतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय डोकावत होतो. मनात येत होतं, फट बुजवावी. दोन दात एकमेकांना चिकटवून टाकावेत, डॉक्टरीणबाईंना सांगावं, सूचना नजरेतून सुटली. त्यांच्या लेखी मी नुसता ‘लॅबवाले’. त्यांना आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. तो आरशात बघेल आणि उंदीर नाहीसा झालेला दिसेल. यात सूड होता की उपकार, ते मला ठरवता येत नव्हतं, आणि ठरत नव्हतं म्हणून चैन पडत नव्हती. शनिवारी अर्धा दिवस असतो. निघताना मी वरचा साचा डब्याच्या पिशवीत घातला. मला दुसरंच सुचलं होतं आणि त्यानं मी अगदी खूष होतो: कापण्याआधी दादाच्या दातांवर पट्टी ठेवायची, व्रण दातांत बसलेले दाखवणारा एक फोटो काढायचा, आणि जमवणाऱ्यांच्या गटात टाकायचा. ‘सदतीस वर्षांनी चोर सापडला.’ मजकूरसुद्धा रस्त्यात तयार झाला होता.

दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर मी साचा ठेवला, डबीतून पट्टी काढली आणि तिची कड दादाच्या समोरच्या दोन दातांवर टेकवली. बसली नाही. उलटी केली. बसली नाही. पट्टीवरचे व्रण एकमेकांना लागून होते, दोन बारीक चंद्रकोरी, मधे केस मावेल एवढीही जागा नाही. दादाचे दात दोन्ही बाजूंना बाहेर राहत होते आणि मधली फट रिकामी. मी दातांची रुंदी मोजायचा कॅलिपर आणला. का आणला कोण जाणे. मापं मला झोपेतही सांगता येतात. या ठोकळ्यांवरच्या एका गोल बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आठ मिलिमीटर. मोठ्या माणसाचा वरचा पुढचा दात साडेआठ. तो अकराव्या वर्षापर्यंत येऊन गेलेला असतो आणि मग मरेपर्यंत तेवढाच राहतो. दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता, म्हणजे त्याचा व्रण या अंतरापेक्षा रुंद हवा होता. पट्टीवरचा व्रण त्याहून अरुंद होता. साडेसहा. शेजारचाही साडेसहा. दुधाचे दात. त्या घरात तेव्हा समोरचे दुधाचे दात एकाच तोंडात होते. वीस वर्षं मी रोज दात मोजतो, सात वर्षं ही पट्टी माझ्या डबीत होती, पाहुण्यांच्या तळहातावर ठेवून मी तिच्यावर भाषणं दिली, आणि तिला एकदाही माप लावलं नाही. ज्याला माप लागू नये असं वाटतं त्याच्याजवळ आपण कॅलिपर नेतच नाही.

मग ती चव आली. आठवली नाही, आली, जिभेच्या टोकावर, खारट आणि रॉकेलसारखी. दादा शाळेत गेलेला. जहाज बाबांनी दोघांना मिळून आणलं होतं, हेही मी गोष्टीतून कधी गाळून टाकलं ते माझं मला कळलं नाही. चित्रांवरून पायऱ्या वाचून बांधलं ते दादानं. माझं काम नुसतं शोधायचं. ‘काळी, दोनाची, सहाची,’ तो म्हणायचा आणि मी ढिगातून काढून द्यायचो. मला एकदा ते स्वतः बांधायचं होतं, पहिल्या तुकड्यापासून. बांधायचं तर आधी मोडायला हवं. पट्ट्या नखानं निघेनात. मी पलंगाखाली जाऊन डेकला दात लावले, वरचा उजवा दात हलत होता, कड हिरडीत घुसली, डोळ्यांत पाणी आलं, आणि कट् करून पट्टी सुटली तेव्हा कधी नव्हे एवढा आनंद झाला. हा आनंद मी कुणालाच सांगितला नव्हता. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी रडत म्हटलं, ‘दादानं.’ बस. दादा हसला, ते खरं आहे. इतकी ढळढळीत थाप ऐकून कुणीही हसलं असतं. पुढे मी ते कधी खोटं समजून सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांत मीच त्यावर विश्वास ठेवला, आणि जे जहाज माझ्यामुळे गेलं त्याच्यासाठी दादाचा राग राग करत मोठा झालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण त्या बोंबा मारता मारता चोराला खरंच वाटू लागतं की आपल्या घरी चोरी झाली. नीट बघ, तुझंच काम आहे ते. त्यानं सरळ मराठीत सांगितलं होतं. मी माझा धंदा ऐकला. ‘बसत नाही,’ मी मोठ्यानं म्हणालो. बायको आतून म्हणाली, ‘काय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’

सोमवारी दादाचे दात कापले. फट ठेवली, अडीच, डावीकडे जराशी कललेली. खोटे दात दुकानातून येतात तसे न ठेवता त्याच्या दातांसारखे कडेला झिजवले, एकाला चहाचा पिवळटपणा दिला. इतकं चांगलं काम मी कुणासाठीच केलं नव्हतं आणि करताना एक क्षणही बरं वाटलं नाही. बुधवारी कवळी बसली. त्यानंतर आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला: ‘लॅबवाले, तुमच्या त्या फटवाल्याला हिरडीला टोचतंय. मी दोनदा घासलं, आता भीती वाटते, फट बिघडली तर तो मला खाईल. तुम्हीच येऊन जा.’ मी बायकोला ‘दादाकडे जाऊन येतो’ म्हटलं आणि पट्टी खिशात घातली. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं: त्यानं शिवी द्यावी, हवं तर सदतीस वर्षांपूर्वीची थोबाडीत परत करावी, आणि मग ‘जाऊ दे रे’ म्हणावं. एवढंच ‘जाऊ दे रे’ ऐकण्यासाठी मी घाम पुसत तीन जिने चढलो.

तो खुर्चीत आडवा होता, गळ्याला कागदी लाळेरं. मला बघून उठला नाही. डॉक्टरीणबाई दुसऱ्या खोलीत एका रडणाऱ्या पोरीकडे गेल्या. मी हात पुढे केला, त्यानं कवळी काढून माझ्या तळव्यावर ठेवली, आणि त्याचा चेहरा एकदम आत गेला, बाबांचा झाला. मी टोचणारी कड घासली, पॉलिश केली, धुऊन परत दिली. तो ती घालून जीभ फिरवत राहिला. स आणि श अजून त्याला नीट येत नव्हते.

‘तूच केलीस ना?’ तो म्हणाला. ‘घातल्याबरोबर कळलं. दुसऱ्या कुणी फट कललेली ठेवली नसती.’

‘बरी झालीय?’

‘झालीय ना. आरशात उंदीर दिसतो.’

‘मग ठेवायला कशाला सांगितलीस?’

‘आता या वयात दुसरा कोण होऊ?’ तो म्हणाला. ‘लोक ओळखतात मला.’

मी खिशातून पट्टी काढली. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. ‘दादा, हे माझे दात आहेत.’

‘मग?’

‘मी मोजले. दुधाचे आहेत. मी खोटं बोललो होतो.’

‘ते तू मला सांगतोस?’ तो म्हणाला. ‘मी तिथंच होतो.’

‘मग बाबांना का नाही सांगितलंस?’

‘दोनदा सांगितलं. तू रडत होतास, मी रडत नव्हतो. रडणाऱ्याचं खरं धरतात. आईला कळलं होतं बहुतेक. ती ते दात आणि ओठ म्हणत बसायची.’

‘मला खरंच वाटायचं की तूच...’

‘हो ना. तुझं बरं होतं.’

पलीकडच्या खोलीतली पोरगी रडायची थांबली. मी म्हटलं, ‘दादा, माफ कर.’ हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेला मी ऐकला नव्हता, आणि तो माझ्याच तोंडात नव्या कवळीसारखा टोचला. दादानं हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात मागतोय. त्यानं पट्टी घेतली, कड तोंडात घातली, माझे व्रण होते त्याच्या जरा बाजूला, आणि चावला. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, आठ दिवसांच्या हिरडीवर जेवढा जोर देता येईल तेवढा देऊन. हिरडीतून कळ गेलेली मला त्याच्या मानेच्या शिरेत दिसली. मग त्यानं पट्टी काढली, लाळेऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली.

‘घे,’ तो म्हणाला. ‘आता तुझं खरं झालं. पाहुण्यांना सांगत बस.’ लाळेरं सोडून त्यानं खुर्चीच्या हातावर ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि डॉक्टरीणबाईंना दारातूनच ‘येतो’ म्हणाला. मला नाही म्हणाला. हसलाही नाही, त्यामुळे तोंडावर हात ठेवायची वेळ आली नाही.

घरी आलो तेव्हा बायको बंदराची काच पुसत होती. ‘काय म्हणाले दादा?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘चावले.’ मी तिला सगळं सांगितलं, कॅलिपरपासून, पलंगाखालच्या आनंदासकट. तिनं मधे एकदाही ‘अरे देवा’ म्हटलं नाही, आश्चर्य दाखवलं नाही. फडकं खांद्यावर टाकून तिनं माझ्या हातातून पट्टी घेतली, खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली, बोट फिरवलं, उलटी करून परत बघितली.

‘कुठं चावले?’ ती म्हणाली. ‘यावर तर तुझेच आहेत.’